श्वास परत आला, पण धोका टळलेला नाही! कुत्रीच्या नवजात पिल्लाचे पहिले तीन दिवस असे सांभाळा

रात्रीचे दोन वाजलेले. गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटावर कुत्री व्यायला बसलेली. दोन पिल्लं नीट झाली, तिसरं अडकलं. बऱ्याच कळा दिल्यावर बाहेर आलं ते निपचित. जीभ काळसर, अंगावरचा बुळबुळीत पडदा तसाच. घरातल्या कुणीतरी धीर करून पडदा फाडला, नाकातोंडातलं पाणी पुसलं, फडक्यानं खसाखसा चोळलं आणि पाच-सात मिनिटांनी पिल्लानं आचका देऊन श्वास घेतला. बारीक आवाजही काढला. सगळ्यांना हायसं वाटलं. पिल्लू आईच्या कुशीत ठेवलं, दिवा मालवला, मंडळी झोपली. सकाळी बघतात तर बाकीची दोन पिल्लं चुरूचुरू पितायत आणि तिसरं बाजूला पडलेलं, थंडगार.

माण, खटाव, फलटण, खंडाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर असा प्रसंग नवा नाही. थंडीच्या दिवसांत तर हमखास. "नशिबात नव्हतं" म्हणून विषय संपवला जातो. पण मेंढरांच्या वाड्यावर राखणीचं एक कुत्रं म्हणजे काय, हे लांडग्याची भीती असलेल्या घराला वेगळं सांगायला नको. आणि खरी गोष्ट अशी की यातली बरीच पिल्लं श्वास न मिळाल्यामुळे मरत नाहीत. श्वास परत आल्यानंतरच्या काही तासांत ती गारठून, उपाशी राहून किंवा चुकीच्या पद्धतीनं दूध पाजल्यामुळे जातात.

आधी श्वासाचंच बघा

पिल्लू एकदा ओरडलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. जन्मताना गुदमरलेल्या पिल्लाच्या नाकात, घशात, कधी फुफ्फुसात पाणी राहिलेलं असतं. पिल्लू हातात धरा, डोकं शरीरापेक्षा थोडं खाली ठेवा, मान अंगठा आणि बोटांमध्ये नीट आधाराला घ्या आणि नाकातोंडाशी येणारं पाणी मऊ सुती कापडानं टिपत राहा. तान्ह्या बाळाचं नाक ओढायचा रबरी पंप मेडिकलमध्ये मिळतो, तो घरात असेल तर उत्तम. आधी तोंड, मग नाक, हलक्या हातानं. त्याच वेळी कोरड्या फडक्यानं पाठ आणि बरगड्या चोळत राहा.

श्वास पुन्हा थांबला तर पिल्लाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या ओठात घेऊन अगदी हलकी फुंकर द्यायची. फक्त गालातली हवा. फुगा फुगवल्यासारखी जोरात फुंकली तर इवलीशी फुफ्फुसं फाटू शकतात. छाती जराशी वर आली म्हणजे पुरे.

एक जुनी पद्धत अजूनही खूप ठिकाणी चालते. पिल्लाला दोन्ही हातांत धरून डोक्यावरून खाली जोरात झोका द्यायचा, म्हणजे पाणी बाहेर पडतं, असं मानतात. ही पद्धत आता सोडून द्या. झोक्यानं डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, आणि पाण्यासोबत पोटातलंही वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. ओल्या हातातून पिल्लू निसटून भिंतीवर आपटतं ते वेगळंच.

श्वास लागला की मोबाईलचं घड्याळ लावून एक मिनिट छातीची हालचाल मोजा. शांत पडलेल्या नवजात पिल्लाचे श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३५ असतात. सतत ४० च्या वर गेले, पोट आत ओढत श्वास चाललाय, मान ताणून तोंड उघडं ठेवलंय, किंवा मिनिटाला आठ-दहाच आचके येतायत, तर ते पिल्लू धोक्यात आहे. हिरड्या आणि जीभ गुलाबी हव्यात. काही कुत्र्यांच्या हिरड्याच काळ्या असतात. तिथं पोटाची कातडी आणि पंजांचे तळवे बघा.

यात एक गोष्ट मात्र उगाच घाबरवते. झोपेत पिल्लू मधूनच दचकतं, पाय झाडतं, कान-ओठ थरथरवतं. हे झटके नव्हेत. निरोगी नवजात पिल्लू असंच झोपतं. उलट, अंग एकदम सैल टाकून अजिबात न हलणारं पिल्लू दिसलं की काळजी करायची.

दुधाआधी ऊब

सगळ्यात जास्त चूक इथं होते. पिल्लू अशक्त दिसतं, घरातल्यांचा जीव कासावीस होतो आणि कुणीतरी वाटीत दूध कोमट करून घेऊन येतं. थांबा. अंग थंड असताना पोटात गेलेलं दूध पचत नाही. आतडी जवळजवळ थांबलेली असतात, दूध पोटातच नासतं, पिल्लू फुगतं. गिळायची ताकदही नसते, त्यामुळे तेच दूध श्वासनलिकेत उतरतं. आधीच गुदमरलेल्या पिल्लाला दुसऱ्यांदा गुदमरवण्याचा हा सोपा रस्ता आहे.

नवजात पिल्लाला थंडी वाजून कुडकुडताही येत नाही. पहिले पाच-सहा दिवस तरी स्वतःचं अंग गरम ठेवायची सोय त्याच्याकडे नसते. आई, भावंडं आणि आपण देऊ ती ऊब, एवढंच. घरातला माणसांचा डिजिटल थर्मामीटर असेल तर टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात अगदी थोडा, अर्धा सेंटीमीटरभर सरकवून बघा. पहिल्या आठवड्यात ९५ ते ९७ फॅरनहाइट हे पिल्लाचं ठीक तापमान. माणसाच्या हिशेबानं ते कमी वाटतं, पण पिल्लाला तेवढंच असतं. ९४ च्या खाली असेल तर दूध नाही. काट्यानं आकडा न दाखवता 'लो' दाखवलं तर समजा पिल्लू फारच गारठलंय. थर्मामीटर नसेल तर करंगळी तोंडात घालून बघा. तोंड आतून गार लागलं आणि पिल्लू बोट चोखत नसेल, तर तोच इशारा. हा थर्मामीटर नंतर माणसांना वापरू नका, वेगळा ठेवा.

ऊब द्यायची ती हळूहळू, तास-दोन तासांत. एकदम शेकलं तर कातडी भाजते आणि अशक्त हृदयावर ताण येतो. पहिला आणि सगळ्यात चांगला उपाय अंगाचाच. पिल्लू कोरडं करून बनियनच्या आत छातीशी किंवा पदराखाली पोटाशी धरा. वर वाकळ घ्या. पिल्लाचं नाक मात्र उघडं राहू द्या.

त्यानंतर खोकं तयार करा. पुठ्ठ्याचं चालेल, डालगं असेल तर तेही. खाली वर्तमानपत्राच्या घड्या, वर जुनं सुती लुगडं किंवा चादर. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून, बाटली जाड मोज्यात किंवा दोन पदरी फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी. म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लू सरपटत बाजूला होऊ शकतं. गुदमरून उठलेल्या पिल्लाला सरपटायची ताकद नसते, म्हणून त्याला आपणच दर पंधरा-वीस मिनिटांनी हात लावून बघायचं. बाटली निवली की तीच बाटली उलट पिल्लाची ऊब ओढून घेते. रात्रीत तीन-चारदा पाणी बदलावं लागतं, त्याला इलाज नाही. बाटली नको असेल तर मोज्यात तांदूळ किंवा ज्वारी भरून गाठ मारा. दाणे आधी कोरड्या तव्यावर गरम करून घ्या. ती ऊब बराच वेळ टिकते.

बल्ब लावणार असाल तर जुना पिवळा, ४० किंवा ६० वॅटचा. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. बल्ब खोक्यापासून दीड-दोन फूट वर टांगा. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर आपला हात पाच मिनिटं धरून बघा. हाताला चटका जाणवला तर बल्ब वर घ्या. पिल्लाजवळची हवा पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश सेल्सिअस असावी. लाईट कधीही जाते, त्यामुळे बल्ब असला तरी बाटल्या भरून तयार ठेवा.

चुलीपुढे किंवा शेकोटीजवळ पिल्लू ठेवू नका. ज्याची फुफ्फुसं आधीच ओली आहेत त्याला धूर म्हणजे विषच. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं तर माणसांच्याही जिवावर बेततं.

चीक चुकवायचा नाही

गाय व्याली की वासराला पहिला चीक पाजायचा, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. कुत्रीच्या पिल्लाचंही तेच आहे. रोगाशी लढायची ताकद पिल्लाला बहुतेक सगळी चिकातूनच मिळते, आणि ती आतड्यातून रक्तात जायची वाट जन्मानंतर काही तासच उघडी असते. पहिले १२ तास सगळ्यात मोलाचे, २४ तासांनंतर ती जवळजवळ बंद होते.

पिल्लू उबदार झालं, बोट चोखायला लागलं की लगेच आईच्या सडाला लावा. सडावर हलका दाब देऊन एक थेंब बाहेर काढा, पिल्लाच्या ओठाला लावा आणि सड तोंडात द्या. मागच्या बाजूच्या सडांना सहसा जास्त दूध असतं. दांडगी भावंडं दहा-पंधरा मिनिटं उबदार खोक्यात बाजूला ठेवा, नाहीतर ती अशक्ताला ढकलून देतात. पिल्लू ओढत नसेल तर चीक स्वच्छ चमच्यात पिळून घ्या आणि ड्रॉपरनं जिभेवर एकेक थेंब सोडा. एक थेंब गिळलेला दिसल्याशिवाय दुसरा नाही.

बऱ्याचदा आईच असं पिल्लू नाकानं बाजूला सारते. घरातले म्हणतात, तिला कळलंय हे जगणार नाही. तसं काही नसतं. थंड, न हलणारं पिल्लू तिला आपलं वाटतच नाही. तेच पिल्लू ऊब देऊन, तिच्याच अंगाखालच्या फडक्यानं पुसून परत ठेवलं की पुष्कळ वेळा ती चाटायला लागते.

आईला दूधच नसेल, किंवा ती जवळ घेतच नसेल, तर वरचं दूध. पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात पिल्लांची दूध पावडर मिळते, ती सगळ्यात बरी. गाईचं दूध पाणी घालून पाजायची पद्धत चुकीची आहे. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं आणि स्निग्धांश असतो. त्यात पाणी घातलं की पिल्लाच्या पोटात नुसतं पाणीच जातं. दुकान उघडेपर्यंतची सोय म्हणून कपभर उकळून कोमट केलेल्या साईसकट दुधात दोन अंड्यांचे पिवळे बलक नीट फेटून, गाळून वापरता येतात. मेंढरं असलेल्या घरात मेंढीचं दूध उकळून वापरा. ते गाईच्या दुधापेक्षा घट्ट असतं आणि कुत्रीच्या दुधाच्या जास्त जवळ जातं.

पाजताना पिल्लू पोटावर पालथं, डोकं किंचित वर. आई पाजते तेव्हा असतं तसंच. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून कधीच पाजू नका. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागलं पाहिजे. सिरिंज असेल तर सुई काढून टाका आणि दट्ट्या दाबून पिचकारी मारू नका, थेंब थेंब सोडा. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. ३०० ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी जेमतेम १२ मिली मावतं. सुरुवात ३ ते ५ मिलीनंच करा. नाकातून दूध बाहेर आलं तर तिथंच थांबा, डोकं खाली करून पुसून घ्या. दर वेळी नाकातून दूध येत असेल तर मोबाईलच्या उजेडात तोंड उघडून वरची टाळू बघा. तिला फट असेल तर घरी पाजून उपयोग नाही, डॉक्टरांनाच दाखवावं लागेल.

नळीनं थेट पोटात दूध सोडायचे व्हिडिओ मोबाईलवर ढिगानं सापडतात. नळी चुकून फुफ्फुसात गेली तर पिल्लू हातातच जातं. डॉक्टरांनी समोर करून दाखवल्याशिवाय ते करू नका.

पिल्लू उबदार आहे, पण थरथरतंय, मान टाकतंय, चोखत नाही, अशा वेळी रक्तातली साखर उतरलेली असू शकते. चमचाभर ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून बोटानं हिरड्यांवर चोळा. दोन-चार थेंब, ओतायचं नाही. पंधरा मिनिटांत तरतरी आली तर दूध द्या. नाही आली तर डॉक्टर.

वजनाचा काटा खोटं बोलत नाही

पिल्लू पितंय असं दिसतं, पण पोटात किती जातंय ते दिसत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा नसेल तर किराणा दुकानातला चालेल, वाटी किंवा टोपलीत ठेवून. रोज एकाच वेळी मोजा आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पहिल्या दिवशी वजन थोडं उतरतं. एक दशांशापर्यंत उतरलं तरी चालतं. पण दुसऱ्या दिवसापासून ते वाढायलाच हवं, रोज साधारण पाच ते दहा टक्के. म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिल्लानं दिवसाला १५ ते ३० ग्रॅम घेतले पाहिजेत. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट होतं. वजन सलग दोन दिवस थांबलं तर पिल्लू वरून कितीही चांगलं दिसो, काहीतरी बिनसलंय.

लघवी आणि शी पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला आपोआप होत नाही, आई चाटते तेव्हा होते. आई चाटत नसेल तर प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसानं तिथं हलकेच पुसा. नाळेला पोव्हिडोन आयोडीन लावा. रक्त येत असेल तर पोटापासून एक-दीड सेंटीमीटरवर स्वच्छ दोऱ्यानं बांधा. शेण, राख, हळद, चुना यातलं काही लावू नका.

डॉक्टरांकडे कधी, आणि कसं

श्वासातून घरघर किंवा बुडबुड्यांसारखा आवाज येतोय. नाकातून फेस किंवा दूध येतंय. पिल्लू सतत किंचाळतंय, किंवा अजिबात आवाज करत नाही. भावंडांचा घोळका सोडून एकटं बाजूला पडतंय. ऊब देऊनही दोन तासांत अंग गरम होत नाही. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. फुफ्फुसात पाणी किंवा दूध गेलेल्या पिल्लाला न्यूमोनिया व्हायला एक-दोन दिवस पुरतात, आणि तो सुरुवातीला कळून येत नाही. म्हणूनच पहिल्या तीन दिवसांवर एवढा भर.

पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करता येतो. ही सेवा मुख्यतः जनावरांसाठी असली तरी जवळचा दवाखाना आणि डॉक्टर कुठं मिळतील हे विचारायला हरकत नाही. तालुक्याच्या ठिकाणी लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. खंडाळा, वाई, फलटण भागातल्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही जवळ आहे. फोन करण्याआधी पिल्लाच्या छातीचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, उजेडात, आवाजासकट. जन्माची वेळ, श्वास किती वेळ थांबला होता, वजन आणि शेवटचं दूध कधी दिलं, एवढं सांगितलं तरी डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

मोटारसायकलवर नेताना पिल्लू पिशवीत घालून हँडलला अडकवू नका. गार वाऱ्यात वीस किलोमीटर गेलं की रात्रभर दिलेली ऊब वाटेतच संपते. बसणाऱ्यानं शर्टाच्या आत छातीशी धरावं, किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात गुंडाळलेल्या गरम बाटलीशेजारी ठेवावं.

आपल्या मनानं औषध देऊ नका. माणसांचं खोकल्याचं औषध, तापाची गोळी, छातीला चोळायचा बाम, ब्रँडीचा थेंब, यातलं काहीही या वयात जिवावर बेतू शकतं. कुत्री अजून व्यायची बाकी असेल तर म्हशीला पान्हा सोडायला टोचतात ते इंजेक्शन तिला टोचू नका. पिल्लू अडकलेलं असेल तर त्यानं पिल्लंही जातात आणि आईही. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर येत नसेल, किंवा पोटात पिल्लं असताना दोन तास काहीच होत नसेल, तर डॉक्टरांना बोलवायची तीच वेळ. पुढचं पिल्लू गुदमरण्याआधीची.

व्यालेली कुत्री घरची असली तरी पिल्लाला हात लावताना चावू शकते. ओळखीच्या माणसानंच जवळ जावं, लहान मुलांना लांब ठेवावं. दात लागला, नुसतं खरचटलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. "आपलीच कुत्री आहे" म्हणून थांबू नका.

इतकं सगळं करूनही काही पिल्लं हाती लागत नाहीत. फार वेळ श्वास थांबलेला असेल तर मेंदूला मार बसलेला असतो, तिथं कुणाचं काही चालत नाही. पण तिसरा दिवस उलटला, वजन चढतंय, पोट गोल आहे, भावंडांच्या ढिगात घुसून झोपतंय, असं असेल तर दर दोन तासांचं पाजणं तीन-चार तासांवर आणा आणि त्याला पूर्णवेळ आईकडे सोडा. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतील. दोन आठवड्यांनी जंताचं औषध, दीड-दोन महिन्यांनी पहिली लस आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. या तारखा वजनाच्या आकड्यांखालीच मोबाईलमध्ये लिहून ठेवा.